पांढरीने काय खाल्लं होतं

माझ्या जिभेला आमची गल्ली वचकून असे. लग्न होऊन आले तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेन, पण कोणी वाकडं बोललं की मी सरळ तोंडावर सांगून मोकळी व्हायची. ‘बोलाले काई ठेवत नाही ही’ असं माझ्याबद्दल म्हणत आणि मला त्याचा अभिमान होता. आज वय झालं, दात गेले, जीभ तेवढी शिल्लक आहे. म्हणून सांगते की त्या जिभेने जिथं बोलायला हवं होतं तिथं ती दोनदा गप्प बसली, आणि एकदा नको तेवढं बोलली. त्या वेळी बोललेला शब्द खरा होता. तरी त्याच्याइतकं मोठं खोटं मी आयुष्यात दुसरं बोलले नाही.

माझं सासर धनज आणि कामरगावच्या मधल्या एका लहान गावात. काळी जमीन, कपाशी आणि ज्वारी, घरामागे तुराट्यांचं कूड घातलेला ढोरांचा कोठा. माझं माहेर शिरपूरकडचं. लग्नात वडिलांनी मला एक पांढरी कालवड आंदण दिली होती. गौळाऊ जातीची, डोळे काजळ घातल्यासारखे. माझा काका तिला पायी घेऊन आला, वाटेत मुक्काम करत करत. ती पोचली तेव्हा तिच्या बरगड्या मोजता येत होत्या, खूर झिजलेले, आणि दावणीला बांधल्याबरोबर ती मटकन खाली बसली. सासूला मी आत्याबाई म्हणत असे. आत्याबाईंनी कमरेवर हात ठेवून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “तुह्या बापानं गाय देल्ली का गाईचा सापळा?”

मी तिथल्या तिथं म्हणाले, “एक वेत होऊ द्या आत्याबाई, मंग बोला.”

झालं. तेवढ्या एका वाक्याने मी स्वतःला बांधून घेतलं. पुढची दोन वर्षं त्या कालवडीचं सगळं माझ्याकडे आलं. कोणी वाटून दिलं नव्हतं, पण कोणी हातही लावत नव्हतं. तिला आम्ही पांढरीच म्हणत असू.

कुडापलीकडे काकू राहायची. ती आमची सख्खी कोणी नव्हती, गल्लीच्या नात्याने काकू. नवरा गेलेला, झालेली तीन मुलं एकेक करून गेलेली, दिराच्या घराच्या एका टोकाला एक खोली आणि चूल तेवढी तिची. गावात तिला मान होता तो ढोरांसाठी. कोणाची गाय अडली, व्यालेली म्हैस वार टाकीना, कास दगडासारखी झाली, की काकूला बोलावणं जायचं. ती यायची, हात धुवायची, आणि गाईच्या पाठीवर हात ठेवून जरा वेळ उभी राहायची. मग सांगायची. ती जे सांगे ते सहसा चुकत नसे. या कामाचे ती काही घेत नसे. रिवाज एवढाच होता की गाय व्याली की चिकाची पहिली वाटी काकूकडे जायची. आणि वाटी परत पाठवताना ती कधी रिकामी पाठवायची नाही. गाईसाठी म्हणून त्यात मूठभर ज्वारी, कधी गुळाचा खडा आणि सुंठेचा तुकडा घालून द्यायची. मला वाटतं, तिचे वर्षातले सणाचे दिवस ते तेवढेच असावेत.

मी तिच्याकडूनच सगळं शिकले. सापळ्याची गाय तिनेच माझ्याकडून करवून घेतली. पांढरी गाभण राहिली तेव्हा तिनं मला कुडाजवळ बोलावून बोटावर मोजून सांगितलं होतं. शेवटच्या महिन्यात वैरण कमी करायची नाही, पण सरकी आवरती घ्यायची. चाऱ्याला दूर पाठवायचं नाही, ढोरक्याच्या कळपात तर नाहीच, एखादी आडदांड म्हैस पोटात शिंग घालायची. पाणी भरपूर. व्याल्यावर मात्र पाच-सहा दिवस नुसत्या ज्वारीच्या कण्या, त्याही पातळ आणि कोमट, गूळ, सुंठ, मेथी घालून. बाकी कोरडा कडबा. ढेप नाही, सरकी नाही, पीठ तर अजिबात नाही.

“काहून?” मी विचारलं होतं.

“अवो, तुले बाळंतपणात पयल्या दिशी पुरणपोळी घातली त चालन का?” ती हसून म्हणाली होती. “तिचं पोट आता रिकामं झालं, ढिल्लं पडलं. भूक लय लागते, ते मागन. पन आपून द्याचं नाही. रोज मूठ-मूठ वाढवाचं. अन् वासराले आधी, चरवीले मंग.”

ही शेवटची गोष्ट ती दर वेळी सांगायची. आमच्याकडे बायका वार पडेपर्यंत वासराला आचळाला लावत नसत. काकू लावायला लावायची. म्हणायची, वासरू ओढलं की वार आपोआप सुटते. पांढरी व्याली तेव्हा तसंच झालं. सकाळी उन्हं अंगणात येता येता ती व्याली, काकूने अर्ध्या तासात वासरू पायांवर उभं करून कासेला लावलं, आणि दुपारच्या आत वार पडली. कालवडच झाली होती, आईसारखी पांढरी. पहिली वाटी मी स्वतः काकूकडे नेली. परत आली तेव्हा त्यात गुळाचा एवढा मोठा खडा होता. तिच्या घरात त्या वेळी दुसरा गूळ असेल असं मला वाटत नाही.

इथवर सगळं नीट होतं. बिघडवलं ते मी.

आमच्या गल्लीत पाचव्या दिवसाच्या धारेला महत्त्व होतं. चार दिवस चीक, पाचव्या दिवशी दूध. त्या दिवशी शेजारपाजारच्या बायका कोठ्यात जमत, पहिली चरवी त्यांच्यासमोर काढली जाई, त्यातलं थोडं मारुतीला, आणि मग घरात. गाय कशी आहे ते त्या चरवीवरून ठरायचं, आणि सून कशा घरातून आली आहे तेही बहुधा त्याच्यावरूनच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी धार काढून चरवी आत नेली. आत्याबाईंनी वाकून पाहिलं. “तळ झाकला बाप्पा,” एवढंच म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला बसल्या. पहिलारू गाय, त्यात वासरू आधी पिऊन गेलेलं. तिसऱ्या दिवशी किती निघणार? हे मला कळत होतं. कळत असूनही माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षांपूर्वीचं ‘मंग बोला’ माझ्या मानेवर बसलं होतं.

म्हणून मी जे केलं ते असं. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, आत्याबाई पोळ्या लाटत होत्या आणि घरधनी वावरातून यायचे होते तेव्हा, मी कोठीतून पायलीभर ज्वारीचं पीठ काढलं, भिजवलेली सरकी घमेलंभर घेतली, वर गूळ कुस्करला आणि पांढरीपुढे ठेवलं. तिनं मान वर न करता संपवलं. गव्हाणीचं लाकूडसुद्धा चाटलं. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी, म्हणजे चौथ्या दिवशी, सकाळी सगळे वावरात गेल्यावर पुन्हा तेवढंच घातलं. काकूचं सांगणं मी विसरले नव्हते. ते वाक्य न् वाक्य डोक्यात होतं. मला फक्त असं वाटलं की एकदा पाचवा दिवस पार पडू दे, मग काकूच्या पद्धतीने करू.

त्याच सकाळी, मी घमेलं उचलून ठेवल्यानंतर थोड्याच वेळात, काकू आली होती. कास चाचपून पाहिली, कुठं गाठ नाही ना बघितलं. आत्याबाई काही विसरलं म्हणून वावरातून परत येत होत्या, त्या दारातच होत्या. काकू कौतुकाने म्हणाली, “कास भल्ली उतरली वो पांढरीची. अशी कास मी लय वर्सांत नाही पाह्यली.”

ती गेली. गव्हाण मी पुसून ठेवली होती, त्यामुळे तिला काही दिसलं नाही.

दुपार कलायच्या आत पांढरीने रवंथ थांबवला. मग ती अंग चोरून उभी राहिली, डाव्या कुशीला फुगली, आणि दात खाऊ लागली. तो आवाज माझ्या अजून कानात आहे. शेण पातळ, आंबूस वासाचं. कान हाताला गार लागले. वासरू ढुशी मारायला गेलं तर तिनं पाय झाडला, आणि नंतर पुढचे गुडघे टेकून खाली बसली. मान कुशीवर टाकली. मी तिला उठवायला शेपटी पिरगाळली, पाठीवर थापा मारल्या, रडले. माझ्या हाकेने आत्याबाई धावत आल्या, मागोमाग घरधनीही वावरातून आले.

“काय खाऊ घातलं तिले?” आत्याबाईंनी विचारलं.

“कण्या,” मी म्हणाले.

“कण्याच?”

“कण्याच. रोज देते त्याच.”

आत्याबाईंनी वाकून गाईचा कान चाचपला. मग त्यांनी विचारलं, “आज कोन आलं होतं कोठ्यात?”

सुरुवातीला म्हटलं तो शब्द हा. मी म्हणाले, “काकू.”

आत्याबाई सकाळी दारातच होत्या, त्यांनी स्वतः ऐकलं होतं, त्यांना माझ्या उत्तराची गरजही नव्हती. पण मी म्हणाले, आणि ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला माहीत आहे. सुटका झाल्याचा आवाज होता तो. पायलीभर पीठ आणि घमेलंभर सरकी त्या एका शब्दाखाली गेली. आत्याबाईंचा चेहरा एकदम ताठ झाला. “मले वाटलंच,” त्या म्हणाल्या, आणि मीठ-मिरच्या आणायला आत गेल्या. घरधनी पाणी आणायला आडावर गेले. मी गाईजवळ एकटी उरले.

कुडामागून काकूचा आवाज आला. “पोरी, काय झालं तिले?”

तुराट्यांच्या फटीतून तिचं लुगडं दिसत होतं. तिनं आमचं बोलणं ऐकलं असणारच, कूड म्हणजे काही भिंत नव्हे.

“काय खाल्लं तिनं?”

“कण्या.”

“कण्यानं गाय दात खात नाही. खरं सांग. माह्यासाठी नाही, तिच्यासाठी सांग.”

मग मी सांगितलं. फटीला तोंड लावून, आत्याबाई यायच्या आत, जितक्या भरभर सांगता येईल तितकं. पीठ. सरकी. गूळ. काल पण आणि आज पण. “अवो माय,” काकू एवढंच म्हणाली. आणि त्यावर मी काय म्हणाले? गाय वाचेल का, असं नाही. मी म्हणाले, “आत्याबाईले सांगू नका.”

“आधी गाय उठव,” काकू म्हणाली. “मंग तुहं तू सांग.”

मग तिनं सांगितलं ते असं. चुलीतली राख पाण्यात कालवून वरची निवळी घ्यायची. तीत हिंग आणि ओवा उगाळून, पावशेर तिळाचं तेल घालून, बांबूच्या नळीने थोडं थोडं पाजायचं, घाई केली तर छातीत जाईल. कडब्याची पेंडी वळून डावी कूस जोरजोरात चोळायची. उठली की चालवायची, बसू द्यायची नाही. आणि उद्या-परवा कोरड्या कडब्याशिवाय दाणाही दाखवायचा नाही.

आत्याबाई पेटती शेगडी घेऊन आल्या. मीठ आणि सात मिरच्या पांढरीवरून उतरवल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. कोठा तीन बाजूंनी उघडा, वारा कुडातून सरळ वाहत होता, सगळा धूर पलीकडे काकूच्या अंगणाकडे गेला. आम्हाला कोणालाच ठसका लागला नाही. मिरची जळून ठसका लागला नाही म्हणजे नजर होती, हे सगळ्यांना माहीत. आत्याबाईंनी मान हलवली.

पुढे मी राखेची निवळी केली, तेल आणलं, आणि घरधन्यांना म्हणाले, “जबडा धरा. आमच्या शिरपूरकडं असंच पाजतात.”

हे दुसरं खोटं. काकूचं औषधसुद्धा मी माझ्या माहेरच्या नावावर घातलं. घरधन्यांनी जबडा धरला, मी नळीने पाजलं. आम्ही दोघांनी आळीपाळीने कूस चोळली, हाताला फोड आले. ऊन कुडाच्या खाली गेलं तेव्हा पांढरीने मोठा ढेकर दिला, मागून भसकन शेण टाकलं आणि धडपडत उभी राहिली. मी तिला अंगणात चालवत राहिले. दिवे लागायच्या वेळी ती थांबून वासराला चाटू लागली.

“पाह्यलं?” आत्याबाई घरधन्यांना म्हणाल्या. “उतरवली अन् उठली.”

नंतर माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “तुह्या माहेरचं औषीदबी चांगलं हाये.”

‘मंग तुहं तू सांग’ असं काकूने म्हटलं होतं. तो क्षण तोच होता. मला बोलता येत होतं. दुसऱ्या कोणाच्या चुकीसाठी मी असं शंभरदा तोंडावर बोलले असते. मी मान खाली घालून वासराला दाव्याला बांधलं.

पाचव्या दिवशी बायका जमल्या. चरवी अर्ध्याच्याही खाली राहिली, पण आता त्याला कारण मिळालं होतं. आत्याबाईंनी सगळी हकिगत सांगितली आणि प्रत्येक बाईने मान हलवली. तीन मुलं गेलेली बाई. कोणी तेवढं मोठ्याने म्हणालं नाही, पण ते सगळ्यांच्या मनात आलं हे मला दिसत होतं, कारण माझ्याही मनात ते येईल याची मी वाट पाहत होते. माझ्या मनात आलं असतं तर मला सोपं गेलं असतं. आलं नाही.

तेवढ्यात काकू दारात आली. दर वेळी येई तशीच, हात धुऊन, पदर खोचून. आत्याबाई दारात उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. “आता नोको येऊ बाई कोठ्यात. गाय आजारी हाये.”

काकूने त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याला पाणी मागावं तसं पाहिलं. माझ्या हातात चरवी होती. मी चरवीत पाहिलं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा दारात आत्याबाईच होत्या.

बायका दुसऱ्याच्या गोष्टीला पाय फोडतात. दोन महिन्यांत काकू कोणाच्या वासराकडे पाहून हसली आणि ते लुळं पडलं, अशी गोष्ट ऐकू आली. मग कोणी तरी गाभण म्हशीच्या कासेवर फडकं बांधू लागलं, काकू अंगणातून जाताना. चिकाच्या वाट्या तिच्या दारी जायच्या बंद झाल्या. तिनं कोणाला जाब विचारला नाही. माझं नावही घेतलं नाही. कूड होतंच मध्ये, तिचं लुगडं फटीतून दिसायचं, पण ती मला हाक मारत नसे, आणि मी त्या बाजूला शेण थापणं सोडून दिलं.

मी दुसऱ्यांदा गप्प बसले ते पुढच्या वर्षी. आमच्याच गल्लीत एका घरची म्हैस व्याली आणि वार अडकली. एक दिवस गेला, दोन गेले, वास सुटला. सात-आठ बायका भोवती उभ्या होत्या, मीही होते. कोणी म्हणालं कामरगावच्या बाजारात एक माणूस येतो, त्याला दाखवू. कोणी म्हणालं तालुक्याला ढोरांचा दवाखाना आहे, पण म्हैस न्यायची कशी. आम्ही उभ्या होतो तिथून काकूचा ओटा दिसत होता. ती ओट्यावर बसली होती, दोन्ही हात मांडीत घेऊन, तोंड दुसरीकडे करून. म्हैस हंबरली की तिची बोटं हलत. एवढ्या अंतरावरून मला ते दिसलं. मी नुसतं ‘काकूले बोलवा’ म्हणाले असते तरी पुरे होतं. पण ‘काहून?’ असं कोणी विचारलं असतं, आणि मग मला पीठ आणि सरकी सांगावी लागली असती. तिसऱ्या दिवशी म्हैस मेली.

त्या घरच्या बाईने रडताना काकूच्या ओट्याकडे बोट दाखवलं. मी तिला धरून आत नेलं आणि पाणी पाजलं. तेवढं मला जमलं.

पुढं वर्षं गेली. पांढरी आणखी चार वेळा व्याली, आणि प्रत्येक वेळी मी तिला काकूने सांगितलं तसंच वागवलं. एक मूठ इकडे-तिकडे नाही. कण्या, सुंठ, गूळ, कोरडा कडबा, वासराला आधी. पाचव्या दिवशी चरवी भरायची. लोक माझ्याकडे विचारायला येऊ लागले. गाभण गाय आटवून दूध थांबवायचं कधी, सरकी कधी सुरू करायची, मेथी किती. मी सांगायची. काकूची जागा अशी हळूहळू माझ्याकडे आली. चिकाची पहिली वाटी आमच्या दारी येऊ लागली. आत्याबाई त्या वाट्या मोठ्या कौतुकाने ठेवून घेत. मला तो खरवस कधी गोड लागला नाही, पण मी खात असे, नाही खाल्ला तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

मोठी लढाई सुरू होऊन घासलेट मिळेनासं झालं, त्या वर्षी आत्याबाई गेल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात पांढरी पाचव्यांदा व्याली. मी ठरवलं होतं. चीक काढला, गूळ-वेलची घालून वाफवला, वड्या पाडल्या, आणि पहिली वाटी घेऊन दिवसाढवळ्या गल्लीतून चालत काकूच्या दारी गेले. वाटेत दोघींनी पाहिलं. मी मान ताठ ठेवली. मनात वाक्य पाठ केलं होतं.

काकू उन्हात बसून तूर निवडत होती. फार वाळली होती. वाटी पाहून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग तिनं पदर डोळ्यांवर ओढला.

“पांढरी व्याली का?” पदराआडून तिनं विचारलं.

“व्याली. काकू, गाय पाहाले चला.”

“नोको वो.”

“काकू, मी आज सगळ्याइले सांगनार हावो. त्या वेळी मी पीठ घातलं होतं. पायलीभर. अन् सरकी. तुमची नजर नोती. तुमाले माहीत हाये. मी कुडातून सांगतलं होतं तुमाले.”

ती तूर निवडत राहिली. मग हळूच म्हणाली, “सांगतलं होतं तू. माहं मन राखाले सांगतलं.”

मला आधी कळलंच नाही. “मन राखाले कायले? खरंच घातलं होतं.”

“मलेबी पयले तसंच वाटलं,” काकू म्हणाली. “लय दिवस वाटलं, का ही पोरगी सांगन आता, आज सांगन, उद्या सांगन. मंग वाटलं, खरं असतं त ती बोलली असती. तू कोनाले भ्याली काय कधी? तोंडावर बोलनारी तू.” तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. “माहे तीन गेले. तुही गाय गेली असती. ते म्हसबी गेली. माह्याच डोयात हाये काई तरी. तू चांगली पोरगी हायेस, माह्यासाठी आळ घेतला डोक्यावर.”

मी खूप बोलले. किती पीठ, कोणत्या घमेल्यात, गव्हाण कशी पुसली, सगळं. माझी जीभ त्या दिवशी छान चालत होती. ती समजूतदारपणे ऐकत होती, लहान मूल हट्ट करतं तेव्हा ऐकतात तशी. शेवटी उठली, वाटीतला खरवस तिनं आपल्या ताटलीत काढून घेतला, वाटी आत नेली आणि परत आणून माझ्या हातात दिली. तिच्या रिवाजाप्रमाणे रिकामी नव्हती. तळाशी मूठभर ज्वारी होती. वर मिठाचा खडा आणि सात लाल मिरच्या.

“पांढरीवरून उतरवून टाक,” ती म्हणाली. “मी चीक घेतला ना तिचा. जपलेलं बरं.”

घरी आले. कोठ्यात गेले नाही, सरळ चुलीपाशी गेले. दार लोटलेलं होतं, वारा नव्हता. मीठ आणि मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. असा ठसका उठला की डोळे, नाक, घसा सगळं पेटलं. मला उभं राहवेना, मी भिंतीला धरून खोकत राहिले. ओसरीवर घरधनी जेवायची वाट पाहत बसले होते, तेही खोकू लागले.

“काय करून राह्यली वो?” ते ओरडले. “कोनाची नजर काढून राह्यली?”

घरात दुसरं कोणी नव्हतं. सांगायला एक माणूस समोर होता, आणि विचारत होता.

“काई नाही,” मी म्हणाले. “मिरची पडली चुलीत.”

ते खोकत खोकत अंगणात जाऊन बसले. मी त्यांचं ताट वाढलं.